शेरू दारच का कुरतडतो?

घरात एकटा ठेवलेला कुत्रा भुंकून सगळी इमारत डोक्यावर घेतो, दार ओरबाडतो, एरवी कधी करत नाही तिथे मुततो. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये यावर दोन ठाम मतं ऐकू येतात. एक मत असं की जनावर लाडावलंय, त्याला शिस्त लावा, जमत नसेल तर गावी पाठवा. दुसरं असं की ते घाबरलंय, त्याच्यावर उपचार करा. डॉक्टर मंडळी या भीतीला ‘सेपरेशन अँग्झायटी’ म्हणतात. ही दोन्ही मतं मी इथे एका काका-पुतणीच्या तोंडी दिली आहेत. काका वाई तालुक्यातले शेतकरी, सध्या पुण्यात मुलाकडे राहायला आलेले. पुतणी पशुवैद्य. शेरू हा काकांच्या मुला-सुनेचा गावठी कुत्रा, २०२० च्या लॉकडाउनमध्ये रस्त्यावरून उचलून आणलेलं पिल्लू. घरून काम होतं तोवर सगळं ठीक चाललं होतं. आता कंपन्यांनी दोघांनाही आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसला बोलावलंय. संवाद मी रचलेला आहे, त्यातलं म्हणणं मात्र दोन्ही बाजूंच्या माणसांकडून अनेकदा ऐकलेलं आहे.

काका : ही दाराची खालची फळी बघ. दुसऱ्यांदा बसवलीय. घरात सोफा आहे, गाद्या आहेत, चपलांचा ढीग आहे. त्यातल्या कशालाही तोंड लावत नाही. नेमकं दार! मला ठेवून गेलात ना, मग भोगा आता. राग काढतो गं तो.

पुतणी : काका, तुम्ही जे सांगताय त्यातच उत्तर आहे. राग काढायचा असता तर सोफा जास्त मऊ होता. ज्या दारातून माणसं गेली तेच दार तो उकरतोय, कारण त्याला त्यांच्या मागे जायचंय. कंटाळलेला कुत्रा सापडेल ते चावतो. उशी, चप्पल, रिमोट, काहीही. घाबरलेला कुत्रा दार आणि खिडकी धरतो. त्याच्या पुढच्या पायांची नखं पाहिलीत? दोन मुळापासून तुटलीत. सूड उगवणारं कुणी स्वतःला असं रक्तबंबाळ करून घेतं का?

काका : मग संध्याकाळी दार उघडलं की मान खाली आणि शेपूट पायात का? आपण काय केलंय ते त्याला पक्कं ठाऊक असतं.

पुतणी : हे सगळ्यांनाच वाटतं. अमेरिकेतल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधक बाईंनी २००९ मध्ये नेमकं हेच तपासलं. कुत्र्यासमोर खाऊ ठेवायचा, मालकाने ‘नाही’ म्हणायचं आणि खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर मालकाला कधी खरं सांगायचं, कधी खोटं. म्हणजे खाऊ न खाल्लेल्या कुत्र्यालाही कधीकधी बोलणी बसायची. तेव्हा दिसलं असं की तो अपराधी चेहरा कुत्र्याने काय केलं यावर ठरतच नाही. मालक रागावला की चेहरा पडतो. ज्यांनी खाऊला तोंडही लावलं नव्हतं आणि तरी ज्यांना रागावलं, त्यांचे चेहरे तर सगळ्यात जास्त पडले. शेरू तुमच्या आवाजाला घाबरतो, काका. सकाळच्या दाराशी त्याची सांगड तो घालू शकत नाही.

इथे मी पूर्णपणे पुतणीच्या बाजूचा आहे. परत आल्यावर दिलेल्या माराने किंवा ओरड्याने कुत्रा काही शिकत नाही. आधी त्याला माणसं जाण्याची भीती होती, आता माणसं परत येण्याचीही वाटू लागते. आपल्याकडे नाक जमिनीवर घासून धडा शिकवण्याची पद्धत अजून चालते. ती आजपासून बंद व्हायला हवी.

काका : बरं, राग नाही म्हणतेस. मग लाड म्हण. आमच्या वाड्यात चार कुत्री वाढली. आम्ही दिवसभर रानात असायचो. एकाने कधी दार खाल्लं नाही. इथे हा पलंगावर झोपतो, ताटातली पोळी खातो, वाढदिवसाला त्याला केक आणतात. जनावराला जनावरासारखं वागवलं असतं तर ही वेळ आली नसती.

पुतणी : वाड्यातला मोती एकटा कधी होता, सांगा. आजी ओसरीवर बसलेली असायची. गोठ्यात म्हशी, परड्यात कोंबड्या, शेजारची पोरं अंगणात. बाकी तीन कुत्री सोबतीला. आणि दार तर कधी बंदच नसायचं. मनात आलं की तो तुमच्या मागे रानात यायचा, कंटाळला की परत. मोतीला तुम्ही एकटं राहायला शिकवलं नव्हतं. त्याच्यावर एकटं राहायची वेळच आली नाही. शेरूला दहा तास तिसऱ्या मजल्यावर, बंद दाराआड, एकट्याने काढायचेत. असलं आयुष्य आपल्याकडच्या कुत्र्यांच्या कितीतरी पिढ्यांनी पाहिलेलं नाही.

काका : मग मी वेगळं काय म्हणतोय? फ्लॅटात कुत्रा ठेवूच नये.

पुतणी : त्यावर येते मी. आधी लाडाचं. २००१ मध्ये अमेरिकेत फ्लॅनिगन आणि डॉडमन यांनी एकटं राहायला घाबरणारे कुत्रे आणि बाकीचे कुत्रे यांची तुलना केली. पलंगावर झोपवणं, ताटातलं खाऊ घालणं अशा लाडांचा या त्रासाशी संबंध आढळला नाही. एकाच प्रौढ माणसाच्या घरात राहणाऱ्या कुत्र्यांमध्ये मात्र हा त्रास सुमारे अडीच पट दिसला. घरात दुसरं जनावर असण्या-नसण्याने फरक पडला नव्हता. म्हणून तर ‘सोबतीला दुसरा कुत्रा आणा’ असं कुणी म्हणालं की मी थांबवते. बहुतेकदा दुसरा येऊनही पहिल्याची भीती तशीच राहते.

काका : सोसायटीत एक ट्रेनर येतो. तो म्हणाला, तुम्ही ‘अल्फा’ व्हा, त्याच्या आधी जेवा, दारातून आधी तुम्ही बाहेर पडा.

पुतणी : ती कल्पना १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणावरून मांडली. ती घराघरात पोहोचवण्यात ज्यांच्या पुस्तकाचा मोठा वाटा होता, त्या डेव्हिड मीच यांनीच पुढे ती मागे घेतली. रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. शेरू तुमच्यावर राज्य करू पाहत नाहीये. तो सोबत शोधतोय.

काका : सोबत! माणूस आहे का तो?

पुतणी : माणूस नाही. पण जीव लावायची त्याची रीत आपल्या पोरांच्या रीतीला फार जवळची आहे. मेरी एन्सवर्थ यांनी तान्ह्या मुलांसाठी एक चाचणी तयार केली होती. अनोळखी खोलीत आई जाते, परत येते, आणि मूल काय करतं ते पाहायचं. बुडापेस्टच्या योझेफ तोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये तीच चाचणी कुत्र्यांवर केली. मालक खोलीत असला की कुत्रा निवांत खेळतो, फिरतो. मालक गेला की दाराशी जाऊन उभा राहतो. आणि हे फक्त घरच्या, जातिवंत कुत्र्यांचं नाही हं. आपल्या देशातल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांवर कोलकात्याच्या आयसर संस्थेत काम चालतं. त्यांना २०१७ मध्ये आढळलं की अनोळखी माणसावर विश्वास बसायला भटक्या कुत्र्यांना पुन्हा पुन्हा दिलेल्या खाण्यापेक्षा डोक्यावरून फिरवलेला हात जास्त कामी येतो. शेरू त्यांच्याच रक्ताचा.

काका : हे सगळं खरं धरलं तरी एक गोष्ट मला पटत नाही. मी घरात असलो की हा कोपऱ्यात पडून घोरतो. पोरगा-सून गेली तरी कान हलवत नाही. मी खाली भाजी आणायला गेलो की भोंगा सुरू. हे नाटक नाही तर काय?

पुतणी : काका, आत्तापर्यंत सांगितलंत त्यातली ही सगळ्यात कामाची गोष्ट! काही कुत्र्यांना एकच विशिष्ट माणूस हवा असतो. बाकी दहा जण घरात असले तरी ते त्या एकाच्या मागे वेडे होतात. शेरूचं तसं नाही. त्याला फक्त घरात कुणीतरी असावं एवढंच हवंय. त्यामुळे इलाज बराच सोपा झाला. घरात कुणीही बसलं तरी त्याची भीती थांबते, आणि भीती थांबलेली असतानाच त्याला शिकवता येतं.

मग पुतणीने मोबाइलवर एक चित्रण लावलं. सकाळी निघताना वहिनीने टीव्हीजवळ जुना फोन ठेवला होता. दार बंद झाल्यावर शेरू आधी भुंकलाच नाही. दाराच्या फटीला नाक लावून उभा राहिला. मग हॉलमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, पुन्हा पुन्हा त्याच वाटेने. तोंडातून लाळ गळत होती, फरशी ओली झालेली दिसत होती. वाटीत चिकनचे तुकडे होते, एरवी ज्यासाठी तो उड्या मारतो ते. त्याने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. काही मिनिटांनी त्याने मान वर करून हेल काढला आणि पुढचा कितीतरी वेळ तोच आवाज.

काका काही बोलले नाहीत. त्यांनी ते चित्रण परत पाहिलं.

अशा चित्रणाला मी फार किंमत देतो. शेजाऱ्यांच्या तक्रारीतून फक्त आवाज कळतो. कुत्रा जिन्यातल्या पावलांवर भुंकतोय, कंटाळून भुंकतोय की घाबरून, हे कळत नाही. आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात अडीच हजारांहून जास्त कुत्र्यांची माहिती तपासली, तेव्हा एकटं राहण्याच्या त्रासाचे निरनिराळे प्रकार समोर आले. कुणाला आतून बाहेर पडायचं असतं, कुणी बाहेरच्या आवाजांवर चिडतो, कुणी नुसता वैतागलेला असतो. मूत्रमार्गाचा संसर्ग, सांधेदुखी, म्हातारपणातला मेंदूचा ऱ्हास यांनीही घरात घाण होते किंवा कुत्रा अस्वस्थ राहतो. दिवाळीत घरी एकट्याने फटाके सोसलेला कुत्रा एकटेपणालाच भिऊ लागतो, हेही घडतं. फिनलंडमध्ये १३ हजारांहून जास्त पाळीव कुत्र्यांच्या मालकांना विचारलं, तेव्हा एकटं राहण्याचा त्रास सुमारे ५ टक्के कुत्र्यांमध्ये आढळला आणि आवाजांची भीती ३२ टक्के कुत्र्यांमध्ये. म्हणून आधी तपासणी, मग नाव.

काका : ठीक आहे, घाबरतो. मग पिंजऱ्यात ठेवा नाहीतर गॅलरीत साखळीने बांधा. दार तरी वाचेल.

पुतणी : दार वाचेल, शेरू वाचणार नाही. असे कुत्रे पिंजऱ्याच्या गजांवर दात मोडून घेतात. गॅलरीत ऊन आहे, कठड्यावरून उडी मारण्याचा धोका आहे. शिवाय १९६० चा प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धचा कायदा आहे. अवाजवी आखूड साखळीला बराच वेळ जखडून ठेवणं, कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवायलाच न नेणं, हे त्याच्या अकराव्या कलमात गुन्हा म्हणून लिहिलेलं आहे.

काका : मग झोपेची गोळी दे एखादी.

पुतणी : सुस्त करणाऱ्या गोळीने अंग ढिलं पडतं, भीती जात नाही. हलता येत नाही आणि घाबरलोय, हे जास्त वाईट. भीतीवरचं औषध वेगळं असतं. अमेरिकेत या त्रासासाठी क्लोमिप्रामिनला १९९८ मध्ये मान्यता मिळाली, फ्लुओक्सेटिनला २००७ मध्ये. दोन्ही रोज द्यायची, असर दिसायला काही आठवडे लागतात, आणि दोन्ही शिकवण्याच्या जोडीनेच द्यायची.

काका : कुत्र्याला मनाची औषधं? लोक हसतील.

पुतणी : हसू देत. भीती इतकी वर गेलेली असते की जीव काही शिकूच शकत नाही. औषध ती शिकण्याजोग्या पातळीवर आणतं. सगळ्यांना लागत नाही. शेरूला लागेल की नाही ते मी रक्त तपासून, थोडं शिकवून बघून मग ठरवेन. पण वहिनीच्या कपाटातली माणसांची गोळी अर्धी मोडून देऊ नका, एवढं पक्कं लक्षात ठेवा.

काका : आणि हे शिकवणं म्हणजे काय करायचं?

पुतणी : सगळ्यात आधी, शिकवण्याच्या काळात त्याला खरोखरचं एकटं ठेवायचं नाही. ही अट लोकांना जड जाते. पण पाच मिनिटं शिकवून बाकीचे दहा तास घाबरू दिलं, तर पाच मिनिटांना काय अर्थ राहिला? मग किल्ली. किल्लीचा आवाज म्हणजे ‘गेले’, हे त्याच्या डोक्यात बसलंय. म्हणून दिवसातून कितीदा तरी किल्ली उचलायची आणि परत खुंटीला लावायची. बूट घालून पेपर वाचत बसायचं. त्याने मान वर करणं सोडलं की मग दार. उघडायचं, बंद करायचं. एक पाऊल बाहेर, लगेच आत. मग दार लोटून पाच सेकंद. मग तीन. मग आठ. दर वेळी वाढवतच नेलं तर त्यालाही कळतं की पुढची खेप मागच्यापेक्षा कठीणच असणार. म्हणून मधेमधे सोपी खेप हवी. आणि मुख्य म्हणजे तो घाबरायच्या आत परत यायचं. ओठ चाटायला लागला, विनाकारण जांभया द्यायला लागला, दाराशी खिळून उभा राहिला, की समजायचं आपण जास्त थांबलो. उद्या कमी करायचं.

काका : भुंकेपर्यंत थांबायचं नाही?

पुतणी : नाही. भुंकून दमून गप्प झाला म्हणजे शिकला असं नाही. तो थकलेला असतो. पहिला अर्धा-पाऊण तास सगळ्यात कठीण असतो. तेवढा वेळ तो खरोखर निवांत झोपू लागला की पुढची वाढ बरीच भराभर होते. कुणाला काही आठवडे लागतात, कुणाला काही महिने.

काका : तोवर पोरांनी नोकऱ्या सोडायच्या?

पुतणी : सोडायच्या नाहीत, वाटून घ्यायचं. दादा आणि वहिनी एकेक दिवस घरून काम मागतील. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त बाईंना कुत्रे आवडतात, त्यांना विचारू. चांगलं पाळणाघर मिळालं तर दोन दिवस तिथे. आणि तुम्ही.

काका : मला हळदीच्या काढणीला गावी जावंच लागेल.

पुतणी : काढणीपर्यंत थांबा. तेवढ्या दिवसांत बरंच होईल.

काका थोडा वेळ विचार करत बसले, आणि मग जे बोलले ते मला या सगळ्या बोलण्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

काका : थांबेन मी. पण तुला एक विचारतो. समजा शिकला तो. समजा गप्प राहायला लागला. म्हणून सकाळी नऊ ते संध्याकाळी सात त्याला कोंडून ठेवणं बरोबर ठरतं का? तू त्याची भीती काढशील. त्याचा दिवस कुठून भरून आणशील?

पुतणी : नाही आणू शकत. माझ्याकडे त्याला गोळी नाही. चार-पाच तास सवय झालेला मोठा कुत्रा आरामात झोपून काढतो. दहा तास मी कुणालाच सुचवत नाही. दुपारी कुणीतरी यावं, त्याला खाली न्यावं, थोडं वास घेत फिरू द्यावं. हे कायमचं, बरा झाल्यावरसुद्धा.

काका : म्हणजे शेवटी माझंच खरं.

पुतणी : निम्मं, काका. तो लाडावलाय, खोडी काढतो, हे खरं नाही. त्याला आणताना कुणी त्याचे तास मोजले नाहीत, हे खरं.

शेजाऱ्यांबद्दल थोडं बोलायला हवं. सोसायटीला सदस्यांच्या कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, हे प्राणी कल्याण मंडळाच्या सूचनांत आहे आणि बऱ्याच कुत्रापालकांना ते तोंडपाठ असतं. पण रात्रपाळी करून आलेल्या नर्सला दिवसा झोप हवी असते, बारावीच्या मुलाला अभ्यास करायचा असतो. त्यांचा त्रास खोटा नाही. परिपत्रक दाखवण्याऐवजी दार ठोठावून ‘आम्ही उपचार सुरू केलेत, काही आठवडे लागतील, आवाज आला तर वेळ लिहून ठेवाल का?’ असं विचारलं, तर तेच शेजारी मदतीला येतात. त्यांनी लिहिलेल्या वेळा पशुवैद्यालाही उपयोगी पडतात.

तुमचा कुत्रा मागे राहून ओरडत असेल तर उद्या निघताना एक जुना फोन चालू करून ठेवा, पहिला अर्धा तास पाहा आणि ते चित्रण पशुवैद्याला दाखवा. तोवर कुत्र्यावर हात उचलू नका. आणि पिल्लू आणायचा विचार असेल तर जात, रंग, किंमत ठरवण्याआधी घर रोज किती तास रिकामं असतं ते कागदावर लिहा. आकडा दहा निघाला आणि दुपारी येणारं कुणी नसलं, तर सध्या पिल्लू आणू नका.